बुबलिक राजाचं लगीन

"राणीचं काम ना? मी करतो! दोन तास लुगडं नेसायचं, दोन गाणी म्हनायची, आनि तिसऱ्या तासाला जमुना आपली! हाय काय नि नाय काय!"

नामदेवानं छाती पुढे काढून हे सांगितलं तेव्हा त्याच्या ओठावर मिशी होती. ती पुढे गेली. मिशीचं काय हो, ती परत उगवते! पण त्या दोन तासांत बाकी जे काही गेलं, ते परत मिळवताना त्याच्या तोंडाला असा फेस आला की विचारू नका. अर्थात तुम्ही नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे!

गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. पावणे आणि ऐरोलीच्या मधे, खाडीला चिकटून खारवाडी नावाचं आगऱ्यांचं गाव. पुढे मिठागरं, मागे भातशेती, मधे गावदेवीचं देऊळ. मुंबईला जायचं तर भरतीची वेळ बघून होडीत बसायचं आणि ओहोटी आडवी आली तर चिखलातून चालत घरी यायचं. नामदेव मिठागरावर मुकादम होता. अंगानं शेलाटा आणि गळ्यानं असा गोड की तो मीठ ओढताना गायला लागला की शेजारच्या आगरातली माणसं दांडे टाकून ऐकत बसायची.

त्याचं जमुनावर मन होतं. जमुनाचं त्याच्यावर होतं. अडचण एकच, जमुनाचे वडील तुळशीराम पाटील! पाटील म्हणजे गावचा वाघ. पाटील 'आज गरम हाय' म्हणाले की थंडीनं कुडकुडणारा माणूससुद्धा कांबळ काढून ठेवायचा. नामदेवाच्या आईनं तीनदा मागणं धाडलं आणि तिन्ही वेळा पाटलांकडून एकच उत्तर आलं, "बघू!"

तर अशा वेळी कमळाकर गुरुजींना रशिया झाला.

गुरुजी शाळेचे मास्तर. मूळचे वाईचे. सरळ, पापभीरू, पण डोक्यात एकदा किडा शिरला की तो अंडी घालूनच बाहेर पडायचा. मुंबईत रशियाचं कसलंसं प्रदर्शन भरलं होतं. गुरुजी होडीत बसून गेले आणि काखेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मारून परत आले. गावदेवीच्या जत्रेच्या नाटकासाठी देवळात बैठक बसली होती, तिथे त्यांनी ते उघडलं.

"मंडळी! यंदा आपण ऑपेरा करायचा!"

"तो कंचा रोग?" पंचांतला म्हातारा धर्मा म्हणाला.

"नाटकच! पण यात बोलायचं नाही. सगळं गायचं. पाणी हवं असलं तरी गाऊन मागायचं."

"आनि गानं सरंपर्यंत मानूस तहानेनं मेला तर?"

"तर गात गात मरायचं! आणि हा साधासुधा ऑपेरा नाही. खुद्द रशियात हा फक्त एकदा झालाय! पहिल्या रांगेत तिथला बादशहा बसला होता. मध्यंतरापर्यंत पोट धरधरून हसला. मध्यंतरात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की हे तुमच्यावरच आहे."

"मंग?"

"मग मध्यंतर अजून चालूच आहे!"

गोष्ट अशी होती. बुबलिक नावाचा एक खादाड राजा. त्याला जगातली सगळ्यात सुंदर नवरी हवी. ती काही प्रधानाला सापडत नाही. पण 'सापडली नाही' हे राजाला सांगणार कोण? मग प्रधान एका शिपायालाच बायकी कपडे घालतो आणि त्याच्याशी राजाचं लग्न लावून देतो. दरबारातल्या सगळ्यांना कळतं, पण बोलत कुणी नाही. राजा विचारतो, नवरीचा आवाज असा का? दरबार म्हणतो, महाराज, सर्दी! राजा विचारतो, नवरीला मिशी कशी? दरबार म्हणतो, महाराज, फॅशन!

राजा कोण, हा प्रश्नच नव्हता. पाटील बसले होते ना! जत्रेच्या नाटकात राजा आजवर दुसऱ्या कुणी केलेला नव्हता. दरबारी मंडळींना तालमीचीही गरज पडली नाही. पाटील बोलले की मान डोलवायची, हे काम ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली होती. प्रश्न होता नवरीचा. पाटलांचा हात हातात घेऊन त्यांना करंजी भरवायची कुणाची छाती होईना. तेव्हा पाटलांनी नामदेवाकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाईक पापलेटाकडे बघतं.

"गळा बरा हाय तुझा," पाटील म्हणाले. "तू नवरी हो. नाटक झ्याक झालं तर जमुना तुझी. वैशाखातला पयला मुहूर्त!"

तेव्हाच नामदेवानं ते 'हाय काय नि नाय काय' म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी मिशी उतरवली. गोष्टीतल्या राजाला मिशीची नवरी चालत असेल, पाटलांना थोडीच चालणार होती!

तालमी दोन महिने चालल्या. पुस्तकात रशियन चाली होत्या, पण त्या काळ्या टिपक्यांत. गुरुजींनी ते पान सरळ धरलं, उलटं धरलं, उजेडात धरलं. धर्मा म्हणाला, "गुरुजी, मुंग्या झटका आधी." शेवटी चाली गावच्याच घेतल्या. लढाईला होडी वल्हवायचं गाणं, राजाच्या जेवणाला पालखीचं गाणं. रशियात लग्नाच्या वेळी बर्फ पडतो असं पुस्तकात होतं. आता चैत्रात खारवाडीला बर्फ कुठला? नामदेव म्हणाला, "मीठ हाय की! पायजे तेवढं पाडा!" गुरुजींनी त्याला मिठीच मारली.

मग गुरुजींनी नवरीच्या तोंडी एक उखाणा घातला. त्यात 'बुबलिकराव' असं नाव होतं. पाटलांनी ते ऐकलं आणि राजाची खोटी दाढी काढून ठेवली. "बुबलिक कोन हाय? जत्रंला चार गावं येतात. नाव माझं घ्यायचं!" पाटलांपुढे बोलणार कोण? उखाणा बदलला. नामदेव रोज लाजत, मान वेळावत म्हणायचा,

"आगरात पांढरी मिठाची रास,
तुळशीरामरावांना भरवते करंजीचा घास!"

आणि पाटील 'आ' करायचे. रोजची करंजी जमुना घरून तळून आणायची आणि मागे बसून तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायची. नामदेवाला तेवढ्यावर दोन महिने काढता आले.

राहता राहिलं खुद्द लग्नाचं गाणं. त्यासाठी गुरुजी गोजराबाईकडे गेले.

गोजराबाई म्हणजे धवलारीन. आगऱ्यांचं लग्न भट लावत नाही, ते लावते धवलारीन. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, हळद लावते, हातात हात देते आणि झालं लग्न. चार गावांत गोजराबाईचा शब्द म्हणजे शिक्का! तिनं गुरुजींचं म्हणणं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "गुरुजी, धवला खोटा गात नाय. धवला गायला का लगीन लागलं."

गुरुजी बिचारे वाईचे! त्यांना वाटलं, कलावंत बोलतोय. त्यांचे डोळेच भरून आले. "वा! याला म्हणतात निष्ठा! बाई, असंच गा, अगदी खरं खरं गा!"

"म्हंजे लावू लगीन?"

"लावा, लावा! दणक्यात लावा!"

"कोनाचं?"

"तुळशीराम पाटील आणि नामदेवाचं!"

गोजराबाईनं गुरुजींकडे जरा वेळ बघितलं. मग मान हलवली. शिकल्यासवरलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही, असा तिला अनुभव होता. तालमीला मात्र ती एकदाही आली नाही. धवल्याची तालीम नसते, म्हणाली.

जत्रेच्या दिवशी गावातल्या गॅसबत्त्या शेजारच्या गावी लग्नाला गेल्या होत्या, म्हणून नाटक भर दुपारी चारला सुरू झालं. चैत्राचं ऊन आणि अंगावर रशिया! पाटलांनी दोन घोंगड्या पांघरल्या होत्या, काथ्याची दाढी लावली होती आणि डोक्यावर पितळी टोपाचा मुकुट होता. पहिल्या अंकातच त्यांच्या अंगातून घामाचे ओघळ निघाले. पण लोक खूश! 'महाराज, सर्दी!' म्हटल्यावर जी हसण्याची लाट उठली, ती म्हणे खाडीपलीकडे मुलुंडला ऐकू गेली. पाटीलसुद्धा हसत होते. ते कशाला हसत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग लग्नाचा प्रवेश आला. मांडवाच्या आडव्या वाशावर दोन गडी मिठाची सुपं घेऊन बसले होते. गुरुजींनी खूण केली, "बर्फ!" आणि बर्फ असा पडला की काय सांगू! घामानं भिजलेल्या पाटलांवर मीठ बसलं, दाढीत बसलं, डोळ्यांत गेलं. पाटलांनी डोळे गच्च मिटले. त्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायका हळहळल्या, "नवरा बघ कसा रडतंय गं! जीव हाय हो नवरीवर!"

आणि गोजराबाई आली. हिरवं लुगडं, हातात ताट, ताटात हळद. तिनं आवाज लावला मात्र, सगळं मैदान चिडीचूप झालं. नाटकातल्या लग्नाला ती चार ओळी गाईल अशी नामदेवाची समजूत. ती गातेय, गातेय, थांबेचना! देवांना बोलावलं, पितरांना बोलावलं, पाटलांच्या सात पिढ्यांची नावं घेतली, नामदेवाच्या सात पिढ्यांची घेतली. खाली बसलेल्या बायकांनी सवयीनं मागून सूर ओढायला सुरुवात केली. हळद लागली. हातात हात दिला गेला. आंधळ्या झालेल्या पाटलांनी तो हात बुडत्यानं दोर धरावा तसा पकडला. अक्षता कुणी आणल्या नव्हत्या, म्हणून बायकांनी खाली सांडलेलं मीठच मुठीमुठीनं टाकलं. नामदेवानं उखाणा घेतला, पाटलांनी 'आ' केला, करंजी आत गेली आणि टाळ्यांनी मांडव हलला.

"सुखी ऱ्हावा," म्हणून गोजराबाई ताट घेऊन निघून गेली.

पाटील डोळे धुऊन आले आणि त्यांनी नामदेवाच्या पाठीत रपाटा घातला. "झ्याक! आजपास्नं आठव्या दिवशी तुझं नि जमुनाचं लगीन!" नामदेव हवेतच घरी गेला. पाय जमिनीला लागले असतील तर ते त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुपारी घेऊन गोजराबाईकडे गेली आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. "नामदेवा! अरं, ती काय बोलतंय बघ जा!"

नामदेव गेला. गोजराबाई अंगणात सुकी मच्छी उलटीपालटी करत होती.

"गोजरामावशी, आठ दिसांनी माझं लगीन..."

"तुझं? तुझं कालच लावलं ना मी!"

"मावशी, ते नाटक व्हतं!"

"माझं नव्हतं. मी गुरुजींना दोनदा विचारलं. देव आले, पितर आले, हळद लागली, हातात हात दिला. तू चार गावांच्या म्होरं नवऱ्याचं नाव घेतलंस. आनि काय पायजे?"

"पन अक्षता कुठं व्हत्या? मीठ व्हतं!" नामदेव ओरडला. बुडत्याला तेवढाच काडीचा आधार!

"मीठ तर तांदळाहून पक्कं. तांदूळ किडतंय, मीठ किडत नाय."

"मावशी, मी बाप्या हाय!"

"ते तू हुबा ऱ्हायच्या आधी सांगायचंस."

नामदेव कपाळाला हात लावून वळला. तरी गोजराबाईचं संपलं नव्हतं. बोंबलाची माळ झटकत ती म्हणाली, "आनि जमुनाचं नाव आता काढू नको. ती तुझी लेक लागतंय."

तासाभरात ही बातमी सगळ्या गावाला कळली. आता गंमत बघा! हे लग्न खोटं आहे, हे गावात प्रत्येकाला कळत होतं. पण गोजराबाईला सांगणार कोण? तिनं लावलेलं एक लग्न खोटं म्हटलं, तर बाकीच्या लग्नांचं काय? धर्माचं स्वतःचं लग्न गोजराबाईच्या आईनं लावलेलं! गुरुजी म्हणाले, वाईहून भटजी आणतो. धर्मा म्हणाला, "आना की. पन धवल्याबिगर लगीन म्हंजे मिठाबिगर कालवन. जेवल कोन?" पलीकडच्या गावांतल्या धवलारिनी गोजराबाईच्याच चेल्या. त्यांनीही कानाला हात लावले.

नामदेव रडकुंडीला येऊन पाटलांच्या घरी गेला. पाटील ओटीवर शेक घेत बसले होते. डोळे अजून सुजलेले.

"मामा, आता काय करायचं?"

पाटलांनी नामदेवाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "मामा बोलू नको. बरं दिसत नाय."

"काडीमोड करून टाकूया ना!"

तशी पाटील ताडकन उठले. "काडीमोड? आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोनी बायको टाकली नाय! तुळशीराम पाटील बायको टाकनारा नाय!"

"मामा, पन मी..."

"कशी का असंना!"

तेवढ्यात आतून धोंडूबाई आल्या. पाटलांची बायको, म्हणजे पहिली. पंचवीस वर्षं या घराचं पाणी भरून, भाकऱ्या थापून त्यांची कंबर वाकली होती. त्यांनी नामदेवाला वर-खाली न्याहाळलं आणि दोन हंडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"मामी, हे काय?"

"मामी नाय. अक्का बोल. थोरलीला धाकटीनं अक्का बोलायचं असतं. जा, हिरीवरनं पानी आन. मग मसाला वाटायचाय."

आता सांगा, काय करील माणूस? होणाऱ्या सासूला नाही म्हणावं, तर जमुना जाते. हो म्हणावं, तर सवत होतो! नामदेवानं हंडे उचलले. एक दिवस उचलले, दोन दिवस उचलले. मिठागराचा मुकादम हंडा कमरेवर घेऊन येतोय हे बघायला बायका उगाच विहिरीवर थांबायला लागल्या. धोंडूबाईंना तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप मिळाली. काडीमोडीला आता त्यांचीही घाई दिसेना. मुहूर्ताला चारच दिवस उरले.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर जमुना होती.

"पानी काढू लागू का, धाकटे आई?" ती म्हणाली.

नामदेवाचा बांध फुटला. तो हंडा आपटून खालीच बसला. "हस तू! तुला काय! तुझ्यासाठी मिशी काढली, लुगडं नेसलो, तुझ्या बाला करंज्या भरवल्या दोन महिने! आनि आता तू माझी लेक! यापरीस मी खाडीत जीव देतो!"

"ओहोटी हाय आता. चिखलात रुतशील नुस्ता," जमुना म्हणाली. मग तिचंही हसू गेलं. ती त्याच्याशेजारी बसली. "नामदेवा, मला दुसरा नवरा नको हाय. ऐक. बा बायको टाकनार नाय. त्याच्या सात पिढ्या आडव्या येतात. पन बायकोनं नवरा टाकला तर?"

"म्हंजे?"

"म्हंजे तू पंचांत जा. बोल, मला या नवऱ्याकडं नांदायचं नाय. आपल्यात बायको काडीमोड मागू शकते. गोजरामावशीलाच विचार."

नामदेवानं तिच्याकडे असं बघितलं की काय वर्णावं! मग त्यानं दोन्ही हंडे भरले आणि पळत पळत नेले. पाणी निम्मं सांडलं.

दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या देवळापुढे पंच बसले. सगळं गाव लोटलं होतं. नाटकालासुद्धा एवढी गर्दी नव्हती! गोजराबाई खांबाला टेकून बसली. धर्मानं घसा खाकरला.

"नामदेवबाय... आपलं, नामदेवा! नवऱ्याबद्दल तुझी काय तक्रार हाय?"

नामदेव उभा राहिला. समोर पाटील, मांडी ठोकून, डोळे वटारून! आणि तेव्हा नामदेवाच्या लक्षात आलं की आपण कसल्या कात्रीत सापडलोय. पाटील वाईट म्हणावे, तर हा माणूस जन्मात मुलगी देणार नाही. चांगले म्हणावे, तर काडी मोडत नाही!

"मारतो का तुला?"

"नाय नाय! मामा... हे कशाला मारतील!"

"जेवायला घालत नाय?"

"घालतात की."

"मग घोरतो का?"

"मला काय ठावं!"

"मग काडी कशापायी मोडायची?" धर्मा म्हणाला. "एवढा चांगला नवरा हाय. नांद जा!"

गाव खदखदून हसलं. नामदेवाचा चेहरा रडवेला झाला. बायकांत बसलेली जमुना मात्र हसत नव्हती, तिनं आईकडे बघितलं. आणि धोंडूबाई काय समजायचं ते समजल्या. पोटची पोर होती शेवटी. दुपारच्या झोपेवर पाणी सोडून त्या कंबर धरून उठल्या.

"त्या पोराला काय इचारता? तीन दिसांची नवरी ती! मला इचारा! मी थोरली हाय! माझी साक्ष घ्या!"

धर्मानं हातानंच 'बोल' अशी खूण केली.

"मारत नाय, खरं हाय. पन पंचवीस वर्षांत एकदा तरी 'धोंडे, तू जेवलीस का' असं इचारलं? कालवन बरं झालं तर गप, खारट झालं तर सगळ्या आळीला सांगनार! मला ताप आला तर बोलला, आज भाकऱ्या जाड झाल्यात. जत्रंत राजा झाला, तर घरात काय उतरला व्हता व्हय? रोजच राजा! आनि तुमी सगळे? 'व्हय पाटील, व्हय पाटील!' त्याचं गानं बेडकासारखं हाय, कोनी सांगितलं त्याला? सगळे बोलले, काय गळा, काय गळा! ह्या पोरानं तीन दिस पानी भरलं तर त्याची कंबर धरली. माझी कोनी बघितली?"

धर्मा जमिनीवरची मुंगी बघायला लागला. कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींनी मात्र उपरण्यानं डोळे टिपले आणि शेजारच्याला हलक्या आवाजात म्हणाले, "हा चौथा अंक! हा रशियातसुद्धा नाही!"

पाटलांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. लोकांना वाटलं, आता वाघ झडप घालणार. पण पाटील हळू आवाजात म्हणाले, "धोंडे... पंचवीस वर्षांत बोलली का नाय मग?"

"गाऊन बोलायला पायजे व्हतं का?"

पाटलांनी मान खाली घातली. मग डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांना तसं बघायची गावाला सवय नव्हती. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि या खेपेला मिठाचा संबंध नव्हता.

"आना काडी," पाटील म्हणाले. "बायकोनं मला टाकला. माझी कबुली हाय. असल्या नवऱ्याकडं कोन नांदंल? ही थोरली नांदली, तीच मोठी." आणि धोंडूबाईंकडे न बघता पुढे म्हणाले, "उद्यापास्नं पान्याला गडी लावतो."

धर्मानं घाईघाईत देवळामागच्या झाडाची एक काडी तोडून आणली. नेमकी ओली निघाली. एक टोक पाटलांनी धरलं, एक नामदेवानं. वाकवली, पिळली, ओढली! काडी आतून मोडली, पण वरची साल काही तुटेना.

"सालपट राह्यलं," गोजराबाई खांबापासून म्हणाली.

"चालतंय गं, चालतंय!" धर्मा म्हणाला. "जेवनं थंड व्हतात!"

"मी सांगून ठेवलं. सालपट राह्यलंय."

पण तिचं कोण ऐकतंय! पंच उठले, नामदेवानं गावदेवीपुढे लोटांगण घातलं आणि ठरल्या मुहूर्तावर त्याचं नि जमुनाचं लग्न उभं राहिलं. मांडव तोच. गोजराबाई गायला लागली तशी नामदेव टाचा उंचावून बघायला लागला. मधे अंतरपाट, पलीकडचं काही दिसत नाही! न राहवून तो कुजबुजला, "कोन हाय तिकडं?"

"मीच हाय," पलीकडून जमुना म्हणाली. "बा मांडवाबाहेर हाय. डोळं मिट आता."

तांदळाच्या अक्षता पडल्या, हातात हात आला. हात लहान होता, मऊ होता, बांगड्यांचा होता. नामदेवाला वाटलं, सुटलो! गंगेत घोडं न्हालं!

मग जेवणाची पंगत बसली. एका बाजूला नवरानवरी, समोर व्याही मंडळी, पाटील मधोमध, आणि त्यांच्या शेजारी आज पहिल्यांदा पुरुषांच्या पंगतीत पाटावर बसवलेल्या धोंडूबाई. पाटील त्यांना स्वतः वाढत होते. नामदेवाला ते बघून भरून आलं. बायका ओरडल्या, "नाव घे, नामदेवा! नाव घेऊन घास भरव!"

जमुनानं स्वतः तळलेली करंजी त्याच्या हातात दिली. आता उखाणा त्याला एकच येत होता. नुसतं नाव बदलायचं होतं! रात्रभर त्यानं तेवढंच घोकलं होतं. तो उठून उभा राहिला. समोर चार गावं. दोन महिन्यांची तालीम त्याच्या मानगुटीवर बसली. त्यानं मान वेळावली, लाजला, आणि गोड गळ्यात म्हणाला,

"आगरात पांढरी मिठाची रास,
तुळशीरामरावांना भरवते करंजीचा घास!"

आणि समोर बसलेल्या पाटलांनी, सवयीनं, 'आ' केला.

हवेत करंजी आणि पाटलांचं उघडं तोंड! धर्माच्या हातातला घास हातातच राहिला. खांबापाशी गोजराबाईनं तंबाखूची चिमूट शांतपणे तोंडात टाकली.

"मी बोललेलं ना," ती म्हणाली, "सालपट राह्यलंय."

नामदेवानं दीनवाण्या नजरेनं जमुनाकडे बघितलं. पण ती तोंडात पदराचा बोळा कोंबून हसण्यात गुंतली होती. शेवटी धोंडूबाईंनाच दया आली.

"भरव बाय, भरव," त्या म्हणाल्या. "तोंड उघडून बसलाय बिचारा. आनि जेवन झालं का दोन हंडे आन!"